फॉर्मवरची कोरी ओळ : पहिल्या निवासी शिबिराचं एक प्रकरण

(ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. कुटुंबाने लिहायला परवानगी दिली, मुलानेही दिली. 'सोहम' हे नाव त्यानेच सुचवलं. त्याच्या वर्गात तीन सोहम आहेत, त्यामुळे कुणालाच काही कळणार नाही, असा त्याचा हिशेब.)

पार्श्वभूमी

सोहम नऊ वर्षांचा. 2024 च्या एप्रिलमध्ये चौथी संपवून पाचवीत जाणार होता. घर मुलुंड पूर्वेला, वन बीएचके. हॉलमध्ये आजी आणि सोहम झोपतात, आत आईवडील. वडील अंधेरीला एका खासगी कंपनीत आहेत, आई घाटकोपरला एका ऑफिसात हिशेब बघते. दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात आणि रात्री आठच्या आत क्वचितच घरी येतात. शाळा चालू असताना हे आजीच्या जिवावर निभतं. मे महिना मात्र आजीच्या गुडघ्यांना झेपत नाही.

पूर्वी हा प्रश्न गाव सोडवायचं. चिपळूणजवळचं घर, चुलत भावंडं, फणस, दुपारभर पत्ते. आता ते घर वाटणीच्या वादात कुलूपबंद आहे. मुंबईतल्या बऱ्याच मराठी घरांत थोड्याफार फरकाने हीच कथा आहे, आणि गावाची ती जागा उन्हाळी शिबिरांनी घेतली आहे. फरक एवढाच, की गावी मूल रात्री काय करतं हे काकूला माहीत असायचं.

इमारतीतली दोन मुलं कर्जतच्या बाजूला पाच रात्रींच्या शिबिराला जाणार होती. तंबू, दोरीवरचे खेळ, डोंगर, शेवटच्या रात्री शेकोटी. फी साडेनऊ हजार. सोहमने फेब्रुवारीपासून घोषा लावला होता, आणि मार्चच्या सुरुवातीला वडिलांनी पैसे भरले.

मी त्याच्या शाळेत समुपदेशक आहे. या प्रकरणात माझाही एक भाग आहे आणि तो फारसा अभिमानाचा नाही.

अडचण

सोहमचं अंथरूण आठवड्यातून दोन-तीनदा ओलं व्हायचं, आणि हे पहिल्यापासूनच होतं. सलग सहा महिने कोरडे गेलेत असं कधीच झालं नव्हतं. दिवसा काहीच त्रास नाही.

घरात हे माहीत होतं, घराबाहेर कुणालाच नाही. आजी सकाळी सहाच्या आत चादर काढायची, मेणकापड पुसायची, गादी खिडकीकडे उभी करायची. उपाय म्हणून काळे तीळ आणि गूळ चालू होता. मावशीकडे राहायला जायचं तर काहीतरी निमित्त निघायचं. इतकं सराईत सगळं, की सोहमला वाटायचं ही गोष्ट जगात फक्त त्यालाच होते.

प्रत्यक्षात ही बालरोगतज्ज्ञांकडे रोज येणारी तक्रार आहे. पाच वर्षांच्या आत तर डॉक्टर तिला तक्रारही म्हणत नाहीत. सात वर्षांच्या शंभर मुलांत पाच ते दहा जणांना हा त्रास असतो, आणि त्यात मुलगे जास्त. दरवर्षी यातली साधारण पंधरा टक्के मुलं काहीही न करता कोरडी होतात. काही मुलांत रात्री लघवी कमी तयार करणारं संप्रेरक पुरेसं वाढत नाही, काहींचं मूत्राशय लहान क्षमतेचं असतं, आणि बहुतेकांची झोप इतकी गाढ असते की भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही. पोट साफ नसणं हे आणखी एक कारण, आणि ते फार वेळा नजरेतून सुटतं. मूल आळशी असतं, मुद्दाम करतं, यातलं काही खरं नाही.

शिबिराचा फॉर्म दोन पानी होता. आरोग्यासाठी त्यात एकच ओळ : 'आजार / ॲलर्जी / चालू औषधे'. वडिलांनी तिथे एक आडवी रेघ मारली. ओळीची शब्दरचना बघितली तर ते खोटंही नव्हतं. आजार नाही, ॲलर्जी नाही, औषध चालू नाही.

काय काय विचारात घेतलं गेलं

आजीचं मत सरळ होतं : पाठवू नका. 'अगं, एका वर्षाने काय बिघडतंय? मोठा होईल, जाईल.' पण इमारतीतल्या दोघांबरोबर जायची संधी पुन्हा येईलच असं नाही, आणि सोहमला नाही म्हणायचं कारण काय सांगणार? खरं कारण त्याला माहीतच होतं. ते मोठ्यांच्या तोंडून ऐकणं त्याला किती लागलं असतं, हे आईला कळत होतं.

दुसरा पर्याय मुलुंडमध्येच दिवसभराच्या शिबिराला घालण्याचा. आईला तो पसंत होता. सोहमने ऐकून घेतलं आणि त्या दिवशी जेवला नाही.

तिसरा, शिबिरवाल्यांना सांगण्याचा. याला वडिलांचा ठाम विरोध. 'अहो, ती पोरं त्याच्याच इमारतीतली आहेत. शिबिरातल्या एका दादाला सांगितलं की सगळ्यांना कळणार. वर्षभर चिडवतील.' ही भीती पोकळ नव्हती. नऊ-दहा वर्षांची मुलं या बाबतीत निर्दय असू शकतात.

चौथा, डॉक्टरकडून गोळी घेण्याचा. आईने इंटरनेटवर डेस्मोप्रेसिनबद्दल वाचलं होतं. ती सोहमला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेली, पण शिबिराच्या फक्त चार दिवस आधी. डॉक्टरांनी त्या घाईत गोळी सुरू करायला नकार दिला. ही गोळी रात्रीची लघवी कमी करते, म्हणून ती घेण्याच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी जेमतेम घोटभर चालतं. त्या वेळात मूल भरपूर पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि झटकेही येऊ शकतात. उन्हाळी शिबिरात रात्री तहानलेलं मूल बाटली तोंडाला लावणारच. शिवाय डोस लागू पडतो का, किती लागतो, हे आधी काही आठवडे घरी बघावं लागतं. 'दीड महिना आधी यायला हवं होतं,' डॉक्टर म्हणाले. पैसे मार्चमध्ये भरले होते आणि ही भेट मे महिन्यात झाली, म्हणजे दीड महिना हाताशी होता.

आणि पाचवं, मला विचारणं. परीक्षेच्या शेवटच्या आठवड्यात सोहमची आई शाळेच्या जिन्यात भेटली. 'मॅडम, पहिल्यांदाच पाठवतोय, थोडी काळजी वाटते, रात्रीचं कसं होईल...' मी घाईत होते. 'अहो, पाठवा. सगळी मुलं रमतात तिथे,' असं म्हणून मी पुढे गेले. 'रात्रीचं' म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. तिला तेवढं एक वाक्य हवं होतं की पुढचं बोलायला वाट हवी होती, हे आता सांगणं अवघड आहे. मला मात्र वाट हवी होती असंच वाटतं.

गंमत म्हणजे वडिलांनी शिबिराच्या ऑफिसला फोन करून पंधरा-वीस प्रश्न विचारले होते. साप निघतात का? पोहायला नेता का? विंचवाचं काय? प्रश्न रास्तच होते. मण्यार रात्री घरात-तंबूत शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चाव्याची खूणही नीट दिसत नाही. रायगड जिल्ह्यात विंचवाचा दंश किती जीवघेणा असायचा आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून ते चित्र कसं बदललं, हे कोकणातल्या घरांना सांगावं लागत नाही. उल्हास नदीत दर उन्हाळ्यात मुंबईची पोरं बुडतात, हेही वडिलांना ठाऊक होतं. शिबिराने नीट उत्तरं दिली : खाटा आहेत, पाण्यात उतरवत नाही, रुग्णालय वीस मिनिटांवर. वडिलांचं समाधान झालं. संडास तंबूपासून किती लांब आहे, वाटेत दिवा आहे का, रात्री मुलांजवळ कोण झोपतं, हे विचारायचं राहून गेलं. आणि आपल्या मुलाला या क्षणी नेमकं तेवढंच हवं होतं.

प्रत्यक्षात काय केलं

ठरलं ते असं : पाठवायचं, कुणाला सांगायचं नाही. आईने सॅकच्या तळाशी मेणकापडाचा तुकडा, दोन जुन्या चादरी आणि तीन जादा पँट भरल्या. त्याला समजावलं, 'झोपायच्या आधी जाऊन ये, आणि संध्याकाळी सहानंतर पाणी पिऊ नकोस.' वडिलांनी बसमध्ये चढताना सांगितलं, 'नाही आवडलं तर फोन कर, लगेच न्यायला येतो.'

फोन शिबिरात जमा होणार होते.

पहिल्या रात्री सोहम झोपलाच नाही. तंबूत सहा मुलं. संडास मैदानाच्या पलीकडे, सोहमच्या मोजणीने ऐंशी पावलं. दहा वाजता सगळे एकदम जाऊन आले. नंतर एकट्याने अंधारात जायची हिंमत झाली नाही, आणि झोप लागली तर काय होईल याची धास्ती. पहाटे चारच्या सुमारास कधीतरी डोळा लागला. सकाळी अंथरूण कोरडं होतं.

यातून त्याने जो धडा घेतला तो कुठल्याही मोठ्या माणसाने अगदी बरोबर म्हटला असता : पाणी कमी प्यायलो, म्हणून कोरडं राहिलं. मग दुसऱ्या दिवशी त्याने 'सहानंतर नाही' हा नियम दुपारी चारवर आणला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळवर.

तिसरा दिवस

मे महिन्याचा पहिला पंधरवडा. एप्रिलच्या अखेरीस ठाणे, रायगडला उष्णतेच्या लाटेचे इशारे येऊन गेले होते. मुंबईतून आलेल्या शरीराला असल्या उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि मुलांचा तो दुसराच पूर्ण दिवस होता. सकाळी साडेआठला डोंगराकडे निघून बाराच्या आत परतायचं होतं. परतायला पाऊण वाजला.

वाटेत दर थांब्याला दादा विचारायचे, 'पाणी प्यायलात का रे?' तीस मुलं ओरडायची, 'होऽऽ.' सोहमही ओरडायचा. नंतर त्याची बाटली आईच्या हातात आली तेव्हा ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

अकराच्या सुमारास डोकं दुखायला लागलं. उतरताना पोटऱ्यांत गोळे आले. परतल्यावर उलटी झाली. शिबिराने 'ऊन लागलंय' म्हणून सावलीत झोपवलं आणि ग्लुकोजचं पाणी दिलं, तेही त्याने ओकून टाकलं. ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, पाकिटं प्रथमोपचार पेटीत नव्हती, फळांच्या चवीचा एक गोड डबा होता ज्यावर ओआरएस असं छापलेलं होतं. (अशा गोड पेयांवर हा शब्द वापरायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली. त्या मे महिन्यात मात्र तो डबा बघून कुणालाही वाटलं असतं की सोय आहे.) दोन वाजता तो फारच मलूल दिसला म्हणून गाडी काढली. घरी पहिला फोन गेला दोन चाळीसला, म्हणजे उलटी झाल्यावर जवळपास पावणेदोन तासांनी.

रुग्णालयात ताप 101.6 निघाला. तो शुद्धीत होता, नाव-गाव नीट सांगत होता. उष्माघातात ताप 104 च्या आसपास किंवा वर जातो आणि मूल बरळायला लागतं, इथवर गोष्ट गेली नव्हती. पण कुणी त्याला 'थोडं ऊन' म्हणून तंबूतच ठेवलं असतं तर गेलीही असती. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्याला आलेली चौदा माणसं उन्हाने गेली, ती सगळी मोठी, कळती माणसं होती.

सलाइन लागलं. डॉक्टरांनी विचारलं, लघवी कधी केलीस? सकाळी. त्यानंतर? नाही. पाणी का नाही प्यायलास? गप्प.

मग तिथल्या सिस्टरने शिबिराच्या दादांना औषधं आणायला बाहेर पाठवलं, पडदा ओढला आणि हळूच विचारलं, 'रात्री काही होतं का रे तुला?' या साऱ्या प्रकरणात योग्य प्रश्न योग्य वेळी विचारणारी ती पहिली व्यक्ती. तिला तीन मिनिटं लागली.

आईवडील पोचल्यावर

साडेपाचला ते पोचले. सोहम बराच सावरला होता. आईला बघून पहिला प्रश्न : 'दादांना कळलं का?'

कळलं होतं. सिस्टरने शिबिरप्रमुखांना एकट्यांना सांगितलं होतं. त्या बाई वडिलांना म्हणाल्या, 'दर बॅचला एखादं तरी मूल असतं हो. आम्ही रात्री अकराला उठवतो. तुम्ही लिहिलं असतं तर त्याला उठवलं असतं.' वडिलांचं उत्तरही बिनतोड होतं : 'तुमच्या फॉर्मवर विचारलंय कुठे?'

दोघंही खरं बोलत होते. पण शिबिरप्रमुखांचं वाक्य मी नंतर बराच वेळ मनात घोळवलं. सोय होती, ती मागायला मात्र आधी लाज गिळावी लागत होती. वर्षानुवर्षं बॅचला एखादं मूल असतं हे माहीत असलेल्या माणसांनी फॉर्मवर 'मूल रात्री अंथरूण ओलं करतं का? झोपेत चालतं का? अंधाराला घाबरतं का?' असे तीन प्रश्न छापले असते, तर वडिलांना ही गोष्ट आपल्याच मुलाची वाटली नसती.

रात्रभर देखरेखीत ठेवून सकाळी सोडायचं ठरलं. मग प्रश्न आला, पुढे काय? शिबिराच्या दोन रात्री उरल्या होत्या. डॉक्टरांचं म्हणणं, एक दिवस सावलीत बसून राहिला तर हरकत नाही. सोहमला शेकोटी हवी होती. वडील म्हणाले, घरी. आई काही बोलली नाही. सकाळी ते त्याला घेऊन मुलुंडला आले. इमारतीत सांगितलं, 'ताप आला होता.'

निर्णयाचे टप्पे, मागे वळून बघताना

घरी आणण्याचा निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. सलाइन लागलेल्या मुलाला पुन्हा त्याच उन्हात सोडायला छाती लागते. पण त्याची किंमत सोहमने मोजली. शिबिर म्हणजे जिथून आपल्याला आणावं लागलं ती जागा, हे त्याच्या मनात पक्कं बसलं आणि ते पुसायला सहा महिने गेले.

'नाही आवडलं तर न्यायला येतो' हे वाक्य जवळपास प्रत्येक पालक बोलतो. ते प्रेमाने म्हटलेलं असतं. घराची ओढ या विषयावर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2007 मध्ये मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्यात हे वचन देऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे. मुलाला त्यातून ऐकू येतं ते असं, की तुला जमेल यावर आमचा भरवसा नाही. त्यापेक्षा आधी मावशीकडे एक रात्र, मग दोन, अशी सवय लावावी. सोहमला ती सवयच लज्जेपोटी लागली नव्हती. नऊ वर्षांत तो आईवडील किंवा आजी जवळ नसताना एकही रात्र झोपला नव्हता आणि पहिली उडी पाच रात्रींची मारली.

पण या प्रकरणाचा सांधा माझ्या मते पाण्याच्या त्या एका सूचनेत आहे. 'सहानंतर पिऊ नकोस' ही सूचना अर्धी होती. अशा मुलांना दिवसा पाणी कमी नाही, उलट जास्त पाजायचं असतं : दुपारपर्यंत दिवसाच्या पाण्यातला मोठा वाटा पोटात जायला हवा, म्हणजे संध्याकाळी आपोआप कमी लागतं. सव्वीस किलोच्या मुलाला साध्या दिवशीही दीड लिटरहून जास्त द्रव लागतो, डोंगर चढताना त्याहून खूप. आईला यातला दुसरा अर्धा भाग माहीत होता, तिला तो सांगायची गरज वाटली नाही, कारण घरी तो आजी बघायची. शिबिरात आजी नव्हती. उरलेली अर्धी सूचना घेऊन एकटं मूल स्वतःच नियम कडक करत गेलं, आणि ते कुणाच्या लक्षात यायची सोयच नव्हती, कारण गुपित राखायचं असंही त्यालाच सांगितलं होतं.

मुलावर एक काम सोपवताना ते त्याने कुणालाही न कळू देता करायचं असलं, तर ते काम किती मोठं होतं ते घरी बसून कळत नाही. वडील चिडवण्याला घाबरले ते ठीकच होतं. पण एका मोठ्या माणसाला सांगणं आणि सगळ्यांना कळणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर राखता येतं का हे शिबिराला आधी विचारता येतं. कुणाकुणाला सांगणार? लेखी कुठे राहणार? ओली चादर कोण, कधी, कुठे नेणार?

वडिलांनी जूनमध्ये माझ्याकडे एक शंका काढली, ती मला फार महत्त्वाची वाटली : 'समजा सांगितलं. मग रात्री अकराला माझ्या मुलाला उठवून अंधारात घेऊन जाणारा तो माणूस कोण?' हा प्रश्न विचारायला कुणीही संकोचू नये. मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या माणसांची पोलीस पडताळणी करून घ्यावी असं पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या 2020 च्या नियमांत आहे, ती झाली आहे का हे विचारता येतं. शिबिर साहसी खेळ घेत असेल तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, हेही. पण कागदापेक्षा रीत महत्त्वाची. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाला कुठेही न्यायचं नाही, उठवताना तंबूबाहेरून नावाने हाक मारायची, संडासाच्या दाराशी दोघांनी थांबायचं. जिथे याचं उत्तर 'अहो, आमचे सगळे घरच्यासारखे आहेत' असं येतं तिथे मी माझं मूल ठेवणार नाही. आणि मुलाला 1098 हा मुलांच्या मदतवाहिनीचा नंबर पाठ असावा, शिबिरात फोन जमा होत असले तरी.

माझ्या जिन्यातल्या वाक्याबद्दल वर लिहिलंच आहे. तेव्हापासून कुणी 'रात्रीचं कसं होईल' म्हणालं की मी थांबते आणि विचारते, 'रात्रीचं म्हणजे?'

पुढे काय झालं

जूनच्या शेवटच्या आठवड्यात तिघं मला भेटायला आले, आई, वडील आणि आजी. सोहम वर्गात होता. वडील बराच वेळ शिबिराच्या चुका सांगत होते. आजी ऐकत होती, मग मला म्हणाली, 'याच्या गाद्या मी अकरा वर्षांपर्यंत चाळीच्या गॅलरीत वाळवल्यात. याला विचारा.'

सोहमच्या आईला हे लग्नानंतरच्या बारा वर्षांत माहीत नव्हतं. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या पुढे जाते, असं मी सांगितलं. पण त्या क्षणी आकड्याचं कुणाला काही नव्हतं. वडील खिडकीतून मैदानाकडे बघत होते. त्या रविवारी त्यांनी सोहमला टिळकनगरला त्यांची जुनी चाळ दाखवायला नेलं आणि ती गॅलरी दाखवली. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

उपचार रटाळ होते आणि बरेचसे चालले. डॉक्टरांनी तपासल्यावर पोट साफ नसल्याचं निघालं, आधी त्यावर औषध झालं. पाण्याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटलं, शाळेची बाटली रिकामी घरी यायलाच हवी असा नियम झाला. ओल लागली की वाजणारा गजर आणला. तो आजीला, आईला आणि शेजाऱ्यांना उठवायचा, सोहमला नाही. तीन आठवड्यांनी बंद केला. (हे बऱ्याच घरांत होतं. गजर चालवायचा तर सुरुवातीला मोठ्या माणसाने उठून मुलाला जागं करावं लागतं, आणि दोन-तीन महिने नेट धरावा लागतो.) सप्टेंबरमध्ये गोळी घरी करून बघितली, डोस बसला. ऑक्टोबरमध्ये ठाण्याला मावशीकडे एक रात्र. मावशीला खरं सांगितलं. ती म्हणाली, 'एवढंच?'

दिवाळीच्या सुट्टीत त्याच शिबिराचा दोन रात्रींचा कार्यक्रम होता. दुसरीकडे चौकशी करू, असं वडील म्हणत होते. सोहमला तिथेच जायचं होतं, त्याची शेकोटी राहिली होती.

या वेळी फॉर्मला तिसरं पान होतं. रात्रीबद्दलचे प्रश्न छापलेले होते. वडिलांनी सगळं लिहिलं, गोळीची वेळ आणि गोळीनंतरचा पाण्याचा नियमही, आणि शिबिरप्रमुखांशी फोनवर बोलून घेतलं. तंबू संडासाच्या बाजूचा मिळाला. मुलांना रात्री उठवण्याची पद्धतही बदलली होती. आता ती कुणा एकासाठी नव्हती. अकरा वाजता दोन दादा कंदील घेऊन मैदानात उभे राहतात आणि 'अकराची लोकल' अशी हाक देतात, ज्याला जायचंय त्याने यायचं. पहिल्या रात्री नऊ मुलं आली, असं सोहम सांगतो. त्यातली दोन त्याच्याच इमारतीतली.

दुसऱ्या रात्री, शेकोटीनंतर, लोकल पकडूनही अंथरूण ओलं झालं. ठरल्याप्रमाणे त्याने पहाटे कपडे बदलले, ओलं सगळं आईने दिलेल्या काळ्या पिशवीत भरून सॅकमध्ये टाकलं आणि परत झोपला. घरी आल्यावर आजीच्या हातात पिशवी दिली आणि सांगितलं, पिठलं फार तिखट होतं.